आधी नववा भाग

त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारा नव्हे, लिफ्ट दुरुस्त करणारा. हा फरक तो समोरच्याने विचारला नसला तरी सांगायचा. जन्मभर त्याने दुसऱ्यांना वर पोचवलं आणि स्वतः तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत थोरल्या बहिणीबरोबर राहिला. त्याचं लग्न झालं नाही, तिचं होऊन मोडलं. मोडलं ते बरंच झालं असं तीच म्हणायची, आणि तेही इतक्या मोठ्याने की भिंतीपलीकडचं बिऱ्हाडसुद्धा माना डोलवायचं.

मोठ्याने, कारण ताईला ऐकू येत नव्हतं. सूतगिरणीतल्या यंत्रांच्या खडखडाटात अर्धं आयुष्य उभं राहिल्यावर कान राहतात कुणाचे? तिथल्या सगळ्याच बायकांचे गेले. पण कान गेले म्हणून बायका गप्पा मारायच्या थांबतील, हे कधी झालंय का? त्या एकमेकींचे ओठ वाचायला शिकल्या. खात्याच्या या टोकाहून त्या टोकाला, तोंडातून आवाज न काढता, मुकादमाची टवाळी चालायची, आणि मुकादम बिचारा त्याच टवाळीच्या मधून हात मागे बांधून हिंडायचा.

गिरणी पुढे बंद पडली, पण ही विद्या घरात राहिली. लिफ्टवाला कामावरून आला की ताईसमोर बसून नुसते ओठ हलवायचा. ते त्याच्या अंगवळणी इतकं पडलं होतं की कधीमधी दुकानदाराशीही तो तसाच बोलायचा, आणि दुकानदार तोंडाकडे बघत राहायचा. ताई पाठमोरी असली तर तो टेबलावर दोनदा मूठ आपटायचा. तिचा तळवा टेबलावर असेच. बसली की आधी हात टेकायची तिला सवय होती. गिरणीत ती यंत्रावर नुसता तळवा ठेवून आत काय बिनसलंय ते ओळखायची. आता त्या तळव्याला भाऊ कळायचा.

गिरणी सुटल्यावर ताईने वाचनालय धरलं. आणि वाचायची काय, तर आकाशातल्या गोष्टी. अवकाशयानं, ग्रह, हजार वर्षांनंतरचे राजे आणि त्यांचे हवेत तरंगणारे तुरुंग. वाचनालयातला जाड चष्म्याचा ग्रंथपाल पहिल्यांदा गोंधळलाच. त्याने दोन-तीनदा तिच्यापुढे कौटुंबिक कादंबऱ्या सरकवून पाहिल्या. ताई अख्ख्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथलं मला सगळं माहीत आहे हो. तिथलं काही असेल तर द्या."

सगळं बरं चाललं होतं म्हणायचं, आणि मग ताईचे डोळे बिघडले.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघं गेली. डॉक्टर लोकांना हल्ली संगणकाकडे बघून बोलायची भारी हौस. हे गृहस्थही पडद्याकडे तोंड करून बोलत होते, त्यामुळे ताईला त्यांचे ओठच दिसेनात. ते काय म्हणतात ते भावाने ऐकायचं आणि तिच्याकडे वळून ओठांनी सांगायचं, असं चाललं. डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय. औषधाने थोडं लांबेल, थांबणार नाही. वर्षभर बऱ्यापैकी दिसेल, पुढचं सांगता येत नाही. हे सगळं लिफ्टवाल्याने जसंच्या तसं सांगितलं, कारण ताईपुढे दुसरं काही सांगणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"वाचू ना मी?" ताईने विचारलं.

"खुशाल वाचा," डॉक्टर पडद्याला म्हणाले. "वाचल्याने जात नाहीत आणि न वाचल्याने राहत नाहीत."

बाहेर आल्यावर ताई बसथांब्यावर बराच वेळ उभी राहिली. बस आली आणि गेली. मग ती म्हणाली, "डोळे गेले की माझे कान दुसऱ्यांदा जाणार, धाकट्या." थांब्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

आता वर्षभरात काय काय करायचं, हा प्रश्न कुणालाही पडेल. ताईला पडला तो असा, की वाचनालयातल्या त्या नऊ विटांचं काय करायचं?

नऊ विटा म्हणजे एक लांबलचक मालिका. नऊ भाग, प्रत्येक भाग उशाला घ्यावा एवढा जाड, अक्षर मुंगीएवढं. पृथ्वी सोडून निघालेलं एक अवाढव्य यान, त्यात पिढ्यान् पिढ्या जन्मून मरणारी माणसं, वरच्या मजल्यांवरचे मालक आणि तळाशी राबणारे, आणि कुणीही मोठ्याने प्रश्न विचारायचा नाही असा कायदा. ताई कितीतरी वर्षं त्या फळीसमोरून जायची, पहिल्या विटेच्या पाठीवर बोट फिरवायची आणि म्हणायची, निवांतपणी बघू. निवांतपण असं कधी येतं का? भिंग घेऊन वाचायला लागल्यापासून तर तिचा वेग बैलगाडीचा झाला होता. हिशोब सोपा होता. नऊ विटा हातात घेतल्या तर उरलेली नजर तेवढ्यातच जाणार, आणि विटा भिकार निघाल्या तर ती परत मिळणार नाही.

ताईने वाचनालयात विचारलं, आणि तिथे जणू सभाच भरली.

"पहिली चाववत नाही, दुसरी पचत नाही," ग्रंथपाल म्हणाला, "पण तिसरीपासून माणूस जेवायचं विसरतो."

"जगात दुःखाचा दुष्काळ पडलाय का?" वर्तमानपत्र वाचायला येणारे निवृत्त मास्तर म्हणाले. "ते आणायला आकाशात कशाला जायचं?"

एका कॉलेजच्या मुलीने सहा विटा वाचल्या होत्या. ती म्हणाली, "आज्जी, पाचवीनंतर लेखकाने नुसत्या पाट्या टाकल्यात." शेवटपर्यंत गेलेला एकच माणूस वाचनालयाला ठाऊक होता, आणि तो गाव सोडून गेला होता. विटांमुळे गेला की आणखी कशामुळे, ते कुणाला माहीत नव्हतं.

घरी येऊन ताईने भावाला समोर बसवलं. "तू वाच आणि मला सांग."

"मी?" लिफ्टवाल्याला हसू आलं. सूचनापत्रकं सोडली तर त्याने काही वाचलं नव्हतं, आणि सूचनापत्रकंही अर्धीच.

"तूच. तुला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेलास की तुझे ओठ डावीकडे वाकतात. मला दिसतात." मग ती जरा थांबून म्हणाली, "माझी नजर आहे ती, धाकट्या. फुकट घालवायची नाही मला."

लिफ्टवाला दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेला आणि त्याने नववी वीट मागितली.

त्याचं डोकं कसं चाललं होतं, ते समजून घ्यायला हवं. लिफ्ट बंद पडली की लोक तळमजल्यावर उभे राहून बटण बडवत बसतात. लिफ्टवाला बटणाकडे बघतही नाही. तो जिने चढून थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जातो. मोटर वर, चाक वर, दोर वरून सुटलेले. वरचं ठीक असेल तर खालचं ठीक होतंच, आणि वरच बोंब असेल तर खाली कितीही तेल घाला, काही उपयोग नाही. त्याला हा नियम उमेदवारीत मार देऊन शिकवलेला होता आणि तो कधी खोटा ठरला नव्हता. शेवट चांगला असेल तर मालिका चांगली.

"अहो, नववा आधी कुणी नेतं का?" ग्रंथपाल म्हणाला.

"आमच्या धंद्यात वरूनच सुरुवात करतात," लिफ्टवाला म्हणाला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असा. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की हा शहाणपणा त्याने बहिणीवरच्या मायेपोटी केला.

त्याने नववी वीट डब्याच्या पिशवीत घातली आणि जेवणाच्या सुट्टीत उंच उंच इमारतींच्या माथ्यावर, मोटरींच्या शेजारी बसून वाचली. शेजारी चाक फिरायचं, दोर खाली जायचे आणि वर यायचे, आणि हा एका बोटाने ओळ धरून यानातल्या माणसांची नावं जुळवत बसायचा. कोण कुणाचा भाऊ, कोण कधीचा वैरी, काही कळत नव्हतं. आठ भागांची ओळख मागे राहिलेली. माणसं मरत होती, आणि अनोळखी गल्लीतून कुणाची तरी अंत्ययात्रा जावी तशी त्याच्यासमोरून जात होती. तळातल्या लोकांनी अखेर यान ताब्यात घेतलं, तेव्हा कळलं की इंधन संपलंय आणि मालकांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. मग एकेक मजला थंड पडत गेला. शेवटच्या पानावर तेलवाली नावाची एक म्हातारी उरली. ती बंद पडलेल्या इंजिनाच्या लोखंडावर तळवा टेकून बसली, आणि पुस्तक संपलं.

लिफ्टवाल्याने पान उलटून पाहिलं. पुढे कोरा कागद होता. "हा काय शेवट झाला?" तो मोटरीला म्हणाला.

त्या संध्याकाळी ताईने भिंग बाजूला ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडे नजर लावली. "सांग."

"नको वाचूस," लिफ्टवाला ओठांनी म्हणाला. "काही दम नाही. सगळे मरतात. शेवटी एक म्हातारी उरते, ती लोखंडाला हात लावून बसते. बस."

ताईने त्याचे ओठ नीट पाहिले. ते सरळ होते. तो खोटं बोलत नव्हता, आणि हेच वाईट झालं. खोटं असतं तर तिने पकडलं असतं.

"मग नको," ती म्हणाली. "मरण काय, फुकट मिळतं." ती हसली, पण भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. कितीतरी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट होती ती, एका वाक्यात संपली.

पुढचे महिने तिने इकडचं तिकडचं वाचलं. बारीक पुस्तकं आणायची, चाळीस पानं वाचायची आणि परत करायची. "हे नको, नजर वाया जातेय," असं प्रत्येकाबद्दल म्हणायची. एवढी वाचवलेली नजर, तिच्या तोलाचं पुस्तक काही सापडेना. वाचनालयात ती त्या फळीपाशी अजूनही थांबायची. एकदा तिने पहिली वीट अर्धी बाहेर ओढलीही. मग भावाचे ओठ आठवले असावेत, कारण तिने ती पुन्हा आत ढकलली. ग्रंथपालाने हे पाहिलं होतं, पण सांगितलं फार पुढे.

डॉक्टरांचं वर्ष भरलंच नाही. एका सकाळी ताईच्या डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं. उजवा त्याच्या मागोमाग गेला. पूर्ण अंधार झाला असता तर निदान कळलं असतं, पण झालं ते विचित्र. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. दाराची चौकट दिसायची, दारात कोण आहे ते नाही. तिने भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, इकडून तिकडे वळवला, आणि म्हणाली, "तुझे कान दिसतात रे. तोंड नाही दिसत."

तो ओठ हलवत राहिला. मग मोठ्याने बोलला, मग ओरडला. पलीकडच्या बिऱ्हाडातली बाई धावत आली आणि दारात उभी राहून परत गेली.

तेव्हापासून तो तिच्या तळव्यावर बोटाने अक्षरं काढू लागला. एकेक अक्षर काढायचं, ताईने ते मोठ्याने म्हणायचं, चुकलं तर त्याने तळवा पुसल्यासारखा करायचा आणि पुन्हा काढायचं. जोडाक्षरं तिला लागत नसत. त्यामुळे घरातून जोडाक्षरांचे शब्द गेले. चहा राहिला, जेवण राहिलं, औषध राहिलं. मुकादमाची टवाळी करायला एवढ्या शब्दांत भागत नाही. ताई पूर्वी दिवसभर बोलायची. आता उत्तर येईपर्यंत तिचा धीर सुटायचा, आणि मग ती बोलेनाशीच झाली. दोघं टेबलाशी समोरासमोर बसायची. तिचा तळवा टेबलावर असायचा. तो अधूनमधून दोनदा मूठ आपटायचा, ती म्हणायची, "हं, आहेस," आणि पुन्हा सगळं गप्प व्हायचं.

तिचं वाचनालयाचं कार्ड परत करायला तो गेला, तेव्हा ग्रंथपालाने पहिल्या विटेची ती गोष्ट सांगितली. अर्धी ओढून आत ढकलल्याची. कार्ड परत करायचं तसंच राहिलं आणि लिफ्टवाला पहिली वीट घेऊन घरी आला. कशाला आणली, ते त्यालाच सांगता आलं नसतं. घरात करायला दुसरं काही नव्हतं, हेही एक कारण असेल.

पहिल्याच पानावर एक लहान मुलगी यानाच्या तळाशी, इंजिनाच्या खोलीत कामाला पाठवली जाते. तिथे सगळ्या बायकाच. इंजिनाच्या आवाजाने त्यांचे कान कधीच गेलेले. त्या एकमेकींचे ओठ वाचतात, आणि वरून पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याची त्याच्या नाकासमोर, आवाज न करता, अशी काही रेवडी उडवतात की लिफ्टवाला एकटाच मोठ्याने हसला. हसता हसता त्याने समोर पाहिलं. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तो हसला हे तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

मग त्याला ते पुस्तक सोडवेना आणि वाचवेनाही. मुलीला एक जुनी बाई शिकवते, की लोखंडावर तळवा ठेव, लोखंड सांगतं. मुलगी तळवा ठेवते आणि इंजिनात काय बिघडलंय ते ओळखते. तिच्या हातात तेलाचा डबा देतात, आणि त्या दिवसापासून सगळ्या तिला तेलवाली म्हणतात.

लिफ्टवाल्याचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. गच्चीवर बसून ज्या म्हातारीला त्याने दोन वाक्यांत निकालात काढलं होतं, ती ही होती. आठ भाग ती आवाज न करता हसली असणार, भांडली असणार, आणि जन्मभर जे लोखंड तिच्याशी बोललं ते गप्प झाल्यावरही तिने त्याच्यावरचा हात काढला नव्हता. त्याने हे ताईला सांगितलं होतं कसं? लोखंडाला हात लावून बसते, बस. ताई त्या पुस्तकात पहिल्या पानापासून होती. एक पान, नुसतं एक पान तिने वाचलं असतं तर पुढची सगळी नजर तिने हसत हसत तिथे घातली असती. बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणतात. इथे तर बैल यानेच दार उघडून बाहेर काढला होता.

तो रडला. मोठ्याने रडला, या घरात चोरून रडायची गरज नव्हती.

मग डोळे पुसून त्याने टेबलावर दोनदा मूठ आपटली. ताईने तळवा उलटून पुढे केला.

गिरणी, त्याने काढलं.

"गिरणी?" ताईचा आवाज किती दिवसांनी जरा वर चढला. "काय झालं गिरणीचं?"

एक मुलगी, त्याने काढलं. कान गेले. ओठ बघते. हसते.

"कोण मुलगी? आपल्या गिरणीतली?"

आता पुस्तक हा शब्द लिहायचा तर जोडाक्षर आलं. त्याने ते तीनदा काढून पाहिलं, तिला लागलं नाही. मग त्याने विटा असं काढलं. नऊ विटा.

तिचा तळवा त्याच्या हातात होता, गार आणि जड. मग तिने विचारलं, "सगळे मरतात ती ना?"

त्याने खूप काही लिहायला घेतलं. शेवट तसा नाही. मी वरून वाचलं. मला ती कोण आहे ते ठाऊक नव्हतं. पण शब्द लांब होते, आणि तो घाईघाईने काढत होता, आणि ताईला एकही अक्षर लागेना. अखेर त्याने सगळं पुसलं आणि जे खरं होतं तेवढंच काढलं. हो.

"मग राहू दे," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मेलेल्या माणसांची ओळख करून घेऊन काय करू आता? त्या मुलीचं आधी सांगायचं होतंस."

तिने हात सोडवून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला, नेहमीसारखा, बोटं पसरून. लिफ्टवाला त्या हाताकडे बघत बसला. त्याला माहीत होतं की ती वाट बघते आहे, रोज बघते. त्याने दोनदा मूठ आपटली.

"काय?" ताईने विचारलं, आणि दुसरा हात त्याच्यापुढे उघडला. त्याने त्यात बोट टेकवलं आणि तिथेच ठेवलं.